पळसगावचा यशवंत

श्रोतेहो, माणगाव तालुक्यातलं पळसगाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तिथला नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात लढत होता. मराठा पलटणीतली त्याची तुकडी गोळीबारात मेली किंवा जायबंदी झाली. उभा राहिला तो एकटा. धावत जाऊन त्याने हातबॉम्बने शत्रूची मशीनगन बंद पाडली. पुन्हा गोळ्या भरायला सवड कुठली? बंदुकीच्या दस्त्यानेच त्याने उरलेले दोघे लोळवले. मग दडलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय अवघं २२!

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्याचं थडगं कुठेच नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. गुरुजी, नकाशात मुलांना टायबर दाखवाल, तेव्हा पळसगावही दाखवा.