सदऱ्यावर लिहिलेले नाव



चैत्र-वैशाखाचे दिवस आपल्या भागात दोन गोष्टींचे असतात. एक गावोगावच्या यात्रा आणि दुसरी व्याख्याने. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखाद्या प्रश्नाचा विचार करावा, ही वाट पडली. त्या वाटेवर मोठमोठे प्रश्न येऊन गेले. आम्ही आज जो प्रश्न घेऊन आलो आहोत, तो मात्र अगदी घरातला आहे.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन म्हणते, "पुण्याला गाण्याचा मोठा कार्यक्रम आहे. वर्गातले सगळे जाणार आहेत. तुम्ही बरोबर येऊ नका." पहिल्या दोन वाक्यांनी काही बिघडत नाही. तिसऱ्या वाक्यानंतर मात्र आईचा हात परातीत तसाच राहतो आणि वडील वर्तमानपत्र खाली ठेवतात. जाऊ द्यावे की न द्यावे? बरोबर जावे की न जावे?

आम्ही येडगावचे. कुकडीवरच्या धरणाचे गाव. जवळच नारायणगाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि दूरदूरच्या गावांचे पंच येऊन आपापल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. मुक्ताईच्या यात्रेत फड उभा राहिला, की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरे अंथरुणात राहत नसत. आम्हीही त्यांतलेच. शेतांच्या बांधावरून आठ-दहा जणांचे टोळके निघे. बरोबर आई नसे, बाप नसे. ढोलकीची थाप वाऱ्यावर आली, की पाय आपोआप भरभर पडत.

आता कोणी म्हणेल, 'पाहा, त्या काळी पोरे एकटी जात होती, काही झाले नाही. आजच एवढा बाऊ कशाला?' सज्जनहो, आम्ही एकटे जात होतो हे खरे नाही. आईबाप बरोबर नव्हते, एवढेच खरे. शेंगा विकणारा आम्हांला ओळखत होता. पुढे बसलेले पागोटेवाले आजोबा आमच्या आजोबांचे सोयरे होते. एखाद्याने विडी ओढली, तर तो घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचे. त्या मैदानात आमच्यावर दोनशे डोळे होते आणि त्यांतले निम्मे तरी नात्यातले होते.

आज ते दिवस उरले नाहीत. ज्या बांधावरून आम्ही रात्री दोनला गाणी म्हणत परत येत होतो, तेथे आता ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. जुन्नर भागात त्याची दहशत काय आहे, हे तुम्हांला सांगायला नको. शिवाय मुलांचे गाणे आता नारायणगावला राहिलेले नाही. ते पुण्याच्या मैदानावर गेले, पाऊणशे किलोमीटर दूर. तेथे हजारो माणसे असतात आणि त्यांतले एकही आपल्या मुलाला ओळखत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० साली नियम झाल्यापासून, सरकारने सवलत दिलेले थोडे दिवस सोडले, तर उघड्यावरचे कार्यक्रम रात्री दहाला थांबवावे लागतात. म्हणजे खरी अडचण गाण्याची नाही. दहा वाजल्यानंतरच्या त्या पाऊणशे किलोमीटरांची आहे.

येथे आम्हांला एका मुलाची गोष्ट आठवते. गदगच्या एका शिक्षकांचा हा मुलगा. रस्त्याने भजन किंवा वाजतगाजत मिरवणूक निघाली, की तो तिच्यामागे चालू लागे आणि पाय थकले, की जेथे असेल तेथे झोपी जाई. घरची मंडळी शोधून शोधून हैराण होत. शेवटी वडिलांनी एक युक्ती केली, असे सांगतात. त्यांनी मुलाच्या सदऱ्यावर लिहून ठेवले, 'जोशी मास्तरांचा मुलगा'. ज्याला तो सापडे तो वाचे आणि घरी आणून पोहोचवी. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. पुढे १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना, तो गुरूच्या शोधात घर सोडून गेला. तिकिटावाचून आगगाडीने फिरत फिरत पार जालंधरपर्यंत पोहोचला आणि तेथून वडिलांनी त्याला परत आणले. नंतर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे त्याचे शिक्षण झाले आणि गुरूच्या स्मरणार्थ त्याने १९५३ साली पुण्यात जो महोत्सव सुरू केला, तो आजही भरतो.

घर सोडून पळणे चांगले, असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. आमचे लक्ष त्या सदऱ्याकडे आहे. जोशी मास्तरांनी मुलाला खांबाला बांधले नाही. ते प्रत्येक मिरवणुकीमागे धावलेही नाहीत. त्यांनी गावावर भरवसा टाकला, आणि गावाने तो राखला. या गोष्टीत वाचणाऱ्याचे काम लिहिणाऱ्याइतकेच मोठे आहे.

आता भीतीकडे वळू. ती खोटी नाही. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेरचे लोक आत रेटा देऊ लागले. आत उतरण्याच्या पायऱ्या चढणीच्या होत्या. पुढचे पडले आणि मागच्यांना ते दिसले नाही. चार तरुण जीव गेले. त्याआधी ५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेत ह्यूस्टन येथे अशाच चेंगराचेंगरीत दहा जणांचा अंत झाला. त्यांतला सर्वांत लहान नऊ वर्षांचा होता. तो वडिलांच्या खांद्यावर बसलेला होता. रेट्यात वडीलच बेशुद्ध पडले. या प्रसंगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. बापाची सोबत ही मोठी गोष्ट आहे. पण अरुंद वाट, एकच दरवाजा आणि बेहिशेबी गर्दी यांच्यापुढे बापाचे बळही चालत नाही. तेथे उपयोगी पडते ती आयोजकांची व्यवस्था, आणि कडेला उभे राहावे, बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेवावी, गर्दी घट्ट होऊ लागताच निघावे, हे मुलाला आधी मिळालेले शिक्षण.

दुसरी भीती कानाची. ती बहुतेक घरांत कोणी बोलूनही दाखवत नाही. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज माणसाने आठ तास सोसावा, असे धरले जाते. तो तीन डेसिबलांनी वाढला, की सोसण्याचा काळ निम्मा होतो. या हिशेबाने शंभर डेसिबलला पाव तासच उरतो. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी शंभर डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवली, आणि श्रोत्यांना कानातली बोळी व विसाव्याची शांत जागा मिळावी, असेही सांगितले. पुण्याच्या कार्यक्रमाची काळजी करणारे आपण, आपल्याच यात्रेत डीजेच्या भिंतीपुढे पाच वर्षांची पोरे नाचवतो. त्या वेळी आईबाप तर शेजारीच उभे असतात!

तिसरी भीती वाईट संगतीची, दारूची आणि मुलींच्या बाबतीत त्याहून अधिक. तिच्याविषयी बोलताना आम्हांला एक घर आठवते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोळा वर्षांच्या मुलीने कार्यक्रमाला जाण्याची परवानगी मागितली. वडिलांनी एका शब्दात नाही म्हटले. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असे सांगून गेली आणि पुण्याला पोहोचली. कार्यक्रम नीट पार पडला. पण निघताना मैत्रिणींची चुकामूक झाली, फोन बंद पडला आणि शेवटची गाडी निघून गेली. मुलगी स्थानकावरच्या बाकावर बसून राहिली. आजूबाजूला माणसे होती, त्यांच्याकडे फोन होते. तिने कोणाकडे मागितला नाही. दीड तासाने चहा विकणाऱ्या एका बाईने विचारले, "कुठली गं तू, पोरी?" तेव्हा तिला रडू फुटले. त्या बाईने घरचा क्रमांक विचारून फोन लावला आणि वडील येईपर्यंत तिला आपल्या गाड्याजवळ बसवून घेतले.

वडिलांनी ही हकीकत आम्हांला स्वतः सांगितली. परतीच्या वाटेवर ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "आधी फोन का नाही केलास?" मुलगी म्हणाली, "तुम्ही रागावाल म्हणून." ते आम्हांला म्हणाले, "दीड तास पोर त्या अनोळखी माणसांना भ्याली नाही हो, मला भ्याली."

आमच्या मते या विषयाचे सार त्या एका वाक्यात आहे. परवानगी नाकारल्याने मूल घरी राहतेच असे नाही. पण खोटे बोलून गेलेल्या मुलाचा परतीचा दोर कापला जातो.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. आमच्या मुलाला आम्ही सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर सवाई ऐकायला पाठवले. दोन वर्षांनी मुलीने तेच मागितले, तेव्हा 'दादा येत असेल तर जा' म्हणालो. तिने विचारले, "दादाबरोबर कोण गेले होते?" आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्या नारायणगावचे नाव विठाबाईंनी देशभर नेले, तेथे ही पंचाईत अधिकच टोचते. भाऊ-बापूंच्या फडात विठाबाई लहान वयात बोर्डावर उभ्या राहिल्या. मुलींनी रंगमंचावर नाचावे, आपण टाळ्या वाजवाव्यात, आणि आपल्या मुलींनी प्रेक्षकांत बसायचे म्हटले की आपल्याला घाम फुटावा, हा न्याय कुठला? रस्ता मुलीसाठी अधिक धोक्याचा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण म्हणून तिचे जाणे बंद करण्याऐवजी रस्ता नीट करणे, हे आपले काम आहे.

मग करावे काय? पोहायला शिकवताना आपण मुलाला धरणात ढकलत नाही आणि जन्मभर भोपळाही बांधून ठेवत नाही. तेच येथे. पहिल्या वेळी आपण त्याच मैदानात, पण दूर बसावे. दुसऱ्या वेळी चार जणांना जाऊ द्यावे आणि एका घरच्या वडीलधाऱ्याने बाहेर थांबावे. मग पुण्याचा कार्यक्रम, पण मुक्काम मावशीकडे किंवा काकांकडे. रात्रीचा परतीचा प्रवास नको. घरचा क्रमांक कागदावर लिहून खिशात असावा, कारण फोन बंद पडतो, कागद पडत नाही. चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, ते ठरलेले असावे. मुलांसाठीचा १०९८ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक पाठ असावेत. आणि एक वचन आईबापांनी द्यावे, 'कोणत्याही वेळी, कोठूनही फोन कर. त्या रात्री आम्ही रागावणार नाही.' रागवायचे असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर रागवावे.

उरलेले काम आपले, या मंडपात बसलेल्यांचे. यात्रेच्या पंचांनी बाहेर पडायला दोन मोकळ्या वाटा ठेवाव्यात, रस्त्यावर दिवे लावावेत, बायकांसाठी स्वच्छतागृहे बांधावीत, आवाजाला आवर घालावा. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने, एखादे पोर रात्री बाकावर एकटे दिसले, तर त्या चहावाल्या बाईने विचारले तेवढे विचारावे.

आजच्या मुलांच्या सदऱ्यांवर बापाचे नाव नसते. भलत्याच कंपन्यांची नावे असतात. तरी ती कोणाची तरी मुले आहेत, हे वाचता येणारी माणसे गावात आणि शहरात असली, तर आईबापांना घरी बसून वाट पाहण्याचा धीर येईल. आपली मुले इतरांच्या भरवशावर सोडायची असतील, तर इतरांच्या मुलांसाठी आधी आपण भरवशाचे झाले पाहिजे.