घरबसल्या परीक्षा : जागेची व कॅमेऱ्याची सिद्धता



ओळीने मांडलेली बाके, भिंतीवरचे घड्याळ आणि वर्गातून फेऱ्या घालणारे पर्यवेक्षक, हे परीक्षेचे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ती सारी व्यवस्था शिक्षणसंस्था करीत असत. २०२० साली कोविडच्या साथीने ही घडी मोडली. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला, आणि त्या वर्षी आपल्या राज्यातील असंख्य विद्यार्थी घरातूनच परीक्षेस बसले. पुढे विद्यापीठांच्या परीक्षा पुन्हा वर्गांत भरू लागल्या. तथापि परदेशी शिक्षणासाठी द्यावयाच्या टोफेल व जीआरई, तसेच संगणक क्षेत्रातील अनेक प्रमाणपत्र परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली देण्याची सोय आज उपलब्ध आहे.

अशा परीक्षेत परीक्षागृह सिद्ध करण्याची जबाबदारी परीक्षार्थीवर येते. वर्गातील पर्यवेक्षकास विद्यार्थी व त्याचा परिसर दोन्ही दिसतात. कॅमेऱ्यास मात्र एक लहानशी चौकट तेवढी दिसते. चौकटीबाहेर वळलेली नजर, अंधारलेला चेहरा किंवा कानी पडलेला दुसरा आवाज यांची नोंद संशयास्पद म्हणून होऊ शकते. आपण प्रामाणिक आहोत एवढ्याने येथे भागत नाही. तो प्रामाणिकपणा कॅमेऱ्यास स्पष्ट दिसावा लागतो. सिद्धतेचे खरे प्रयोजन हेच होय.

प्रथम जागेचा विचार करू. बंद होणारे दार असलेली खोली, टेबल व सरळ पाठीची खुर्ची एवढे पुरेसे आहे. पलंगावर किंवा सोफ्यावर रेलून परीक्षा देता येत नाही. टेबलावरील पुस्तके, वह्या, फोन व घड्याळ दूर ठेवावे. भिंतीवरील सूत्रांचे तक्ते उतरवावेत व आरसा झाकावा. आपल्या घरी समोरच्या भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी किंवा देवदेवतांच्या दिनदर्शिका असतात. त्यांतील मुखे ही खोलीतील दुसरी व्यक्ती आहे, असा यंत्राचा समज होण्याचा संभव असतो. म्हणून पाठीमागे शक्यतो मोकळी भिंत असावी. कच्च्या कामाचे नियमही आधी वाचावेत. टोफेल व जीआरईच्या घरगुती परीक्षेत सुटे कागद चालत नाहीत. लहान पांढरा फळा, अथवा पारदर्शक आवरणातील एक कागद व पुसता येणारे पेन एवढ्यालाच परवानगी असते आणि अखेरीस ते लेखन पर्यवेक्षकासमोर पुसून दाखवावे लागते.

आता प्रकाश व कॅमेरा. खिडकी पाठीशी असेल तर कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेतो व चेहरा काळवंडतो. यास्तव उजेड समोरून किंवा किंचित बाजूने यावा. चष्म्यावर दिव्याची तिरीप येत असल्यास दिवा थोडा वर सरकवावा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीत हवा. लॅपटॉप ठेंगणा पडत असेल तर त्याखाली पुस्तकांची चळत न रचता लाकडी पाट किंवा भक्कम खोका ठेवावा, कारण टेबलावर पुस्तके दिसता कामा नयेत. चेहरा व खांदे चौकटीच्या मध्यभागी येतील असे बसावे. ओळखपत्राच्या चकचकीत आवरणावरील प्रकाशामुळे नाव वाचता येत नाही. ते किती अंतरावर व कसे धरावे याचा सराव आधीच करावा. उत्तर आठवताना छताकडे पाहण्याची किंवा प्रश्न पुटपुटण्याची सवय अनेकांना असते. ती चार-आठ दिवस आधीपासून मोडावी.

यंत्राची चाचणी परीक्षेच्याच जागी, त्याच वेळेस व त्याच इंटरनेट जोडणीवर घ्यावी. सायंकाळी शेजारीपाजारी सारेच इंटरनेट वापरीत असतात. सकाळची चाचणी तेव्हा उपयोगी पडत नाही. चित्र घरातून बाहेर पाठवावयाचे असते, म्हणून अपलोडचा वेग अवश्य तपासावा. शक्य असल्यास वायफायऐवजी तार जोडावी. दुरून संगणक चालविणारी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी साधने बंद करावीत आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करून विजेस जोडलेला ठेवावा. पावसाळ्यात वीज जाण्याचा संभव ध्यानी घेऊन, राउटरसाठी बॅटरीची सोय करता आल्यास करावी.

पालकहो, या कामी आपला वाटा मोठा आहे. परीक्षेच्या वेळी कुकरची शिट्टी, दूरदर्शन संच व पाहुण्यांचे स्वागत थोडे लांबणीवर टाकावे. दारावर सूचना लावावी. मुलांच्या काळजीपोटी चहाचा पेला घेऊन आत डोकावणारी आईदेखील कॅमेऱ्याच्या दृष्टीने परकी व्यक्तीच असते.

परीक्षेपूर्वी बहुधा कॅमेरा फिरवून सारी खोली दाखवावी लागते. घराचा खाजगीपणा हा येथे गौण प्रश्न नव्हे. अमेरिकेतील क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने याविरुद्ध दाद मागितली असता, शासकीय विद्यापीठाने केलेली अशी खोलीची पाहणी घटनाबाह्य आहे, असा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आहे. तेव्हा बँकेची कागदपत्रे, औषधे व कौटुंबिक छायाचित्रे आधीच दुसरीकडे हलवावीत, आणि परीक्षा संपताच देखरेखीचे सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकावे.

आणखी एक गोष्ट परीक्षा घेणाऱ्या संस्थांना सांगणे अगत्याचे आहे. चाळीतील एका खोलीत सहा माणसांचे कुटुंब राहत असेल, तर तेथील विद्यार्थ्याने बंद दाराची खोली आणावी कोठून? मागून आलेला भावंडाचा आवाज हा त्याचा अपराध ठरू नये. महाविद्यालयांनी अशा विद्यार्थ्यांसाठी एखादी खोली मोकळी करून द्यावी, आणि यंत्राने नोंदविलेल्या संशयाचा निर्णय विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकूनच माणसाने करावा. विद्यार्थ्यांनीही आपली अडचण मुदतीपूर्वी लेखी कळवावी व त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. केंद्रावर जाऊन परीक्षा देण्याचा पर्याय असेल, तर तो स्वीकारण्यात कमीपणा मानू नये.

वर्षभराचे परिश्रम एखाद्या दिव्याच्या चुकीच्या जागेमुळे किंवा उघड्या राहिलेल्या दारामुळे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप. आठवडाभर आधी एक तास काढून ही तयारी पूर्ण करा, म्हणजे परीक्षेच्या दिवशी आपले सारे लक्ष प्रश्नपत्रिकेकडे राहील. आपणा सर्वांस सुयश लाभो.