लाल गोळी आणि तीन डबे
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "या वर्षी तुम्हीच बोला" असे सांगितले तेव्हा मी चांगलीच घाबरले. हळदीकुंकवाची तयारी सांगा, शंभर पानांचा स्वयंपाक सांगा, पण भाषण! माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी उभी राहिले, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती आणखी चार घरी होत असेल असा मला संशय आहे.

मागच्या वर्षी माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली. सोबत सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्या होत्या. गोळी घेतली की तिला मळमळे, शौचाला काळे होई. मी म्हटले, "फुकटची गोळी ती, अशीच असायची. ठेव बाजूला." आणि बर्डीवर जाऊन चॉकलेटच्या चवीच्या पावडरीचा मोठा डबा आणला. वर गुबगुबीत बाळाचे चित्र. असे तीन डबे संपवले. नवव्या महिन्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.४! गरोदर बाईला निदान ११ तरी हवे. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "लाल गोळ्या घेत होतीस ना?" लेकीने माझ्याकडे पाहिले आणि खाली मान घातली. माझे नाव तिने घेतले नाही. शिरेतून लोहाचे औषध द्यावे लागले. देवाच्या दयेने लेक आणि नात सुखरूप आहेत, पण बाळंतपण होईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

माझी पुतणी डॉक्टरकी शिकते. तिला मी विचारले, "बाई ग, या गोळ्याटॉनिकांचे खरेखोटे ठरवते तरी कोण?" दिवाळीच्या सुटीत तिने एक दुपार बसून मला समजावले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे दोन गट पाडतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती दिली ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. पण एका पाहणीवर भागत नाही. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. माणसे तशी नसतात. म्हणून देशोदेशींच्या पाहण्या एकत्र करून त्यांची गोळाबेरीज करतात.

याचे आपल्याकडचेच उदाहरण तिने दिले. लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस दिला तर बालमृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटतात, असे जुन्या पाहण्यांवरून वाटत होते. पुढे उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात दहा लाख मुलांची पाहणी झाली, तेव्हा फरक जेमतेम ४ टक्के दिसला. मग सगळ्यांची गोळाबेरीज केली, ती आली ११ टक्के. पाव हिस्साही नाही आणि शून्यही नाही.

आता आपण संत्र्यांच्या गावच्या. पडसे होऊ नये म्हणून 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या चघळणाऱ्या इथे कितीतरी असतील. २०१३ साली २९ पाहण्या, म्हणजे अकरा हजारांवर माणसे एकत्र मोजली. रोज गोळी घेऊनही सामान्य माणसाची पडशी काही कमी झाली नाहीत. रोज घेणाऱ्यांचे पडसे थोडे लवकर बरे झाले, एवढेच. संत्री खायची ती गोड लागतात म्हणून खावी!

पण सगळ्याच गोळ्या अशा निरुपद्रवी नसतात. गाजरासारख्या भाज्या खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असे दिसले, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना घेऊन पाहणी केली. काहींना गाजरातले बीटा कॅरोटीन गोळीतून दिले. १९९४ साली निकाल आला. ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! पुढे २०१२ साली ७८ पाहण्यांची, जवळजवळ तीन लाख माणसांची गोळाबेरीज झाली. तीतही बीटा कॅरोटीन आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू थोडे जास्तच दिसले. हे ऐकून मी घरातली रंगीत कॅप्सुलांची बाटली उचलून पुतणीपुढे ठेवली. ती म्हणाली, "काकू, ज्याची उणीव आहे ते द्यावे. भरल्या रांजणात पाणी ओतून काय होणार?"

आणि आपली उणीव कोणती? २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांमागे ५४ जणींचे रक्त कमी निघाले. या मांडवात नजर टाका म्हणजे कळेल. अन् गरोदरपणी रोज लोहाची गोळी घेतली तर बाळंतपणाच्या वेळचा रक्तक्षय सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असे २०१५ च्या गोळाबेरजेत दिसले. म्हणजे मी बाजूला ठेवायला लावली, तीच गोळी कामाची होती.

त्याच गोळीत फॉलिक आम्लही असते. पण बाळाच्या पाठीच्या कण्याचे व्यंग टळावे म्हणून ते दिवस राहण्याआधीपासून सुरू करावे लागते, कारण बाईला पुरते कळायच्या आतच तो भाग घडून गेलेला असतो. खाण्याचेही तसेच दिसते. मुंबईच्या वस्त्यांत २००६ पासून साडेसहा हजार बायकांना घेऊन एक पाहणी झाली. त्यांतल्या अर्ध्यांना रोज पालेभाजी, फळे आणि दुधाचा खाऊ दिला. सगळ्यांचे मिळून पाहिले तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण दिवस राहण्याआधी तीन महिने तरी जिने तो खाल्ला, तिचे बाळ सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. सूनबाई घरात आली की पहिल्या दिवसापासून तिच्या ताटात भाजी वाढा. डोहाळजेवणाची वाट पाहू नका.

आता गोळीविषयी दोन शब्द. काळे होते ते लोहामुळे, त्याला भिऊ नये. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. ज्या घरात तो असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच लोह घ्यावे.

ते तीन डबे मी टाकले नाहीत. एकात जवसाची चटणी आहे, एकात तिळाचे लाडू, तिसरा नातीची आजी म्हणून माझ्या सुपारीला. माझे बोलणे लांबले, अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत.