परत येणारं डिझेल

(गच्चीवरच्या मासिक गप्पांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सर्वसाधारण सभेत जनरेटरच्या खर्चावर चर्चा चालली होती. तेव्हा बी विंगमधल्या वहिनींनी विचारलं, "टाकीतून इंजिनाकडे एक नळी जाते, हे समजलं. पण दुसऱ्या नळीतून डिझेल परत टाकीत का येतं? जाळायचंच नाही तर पाठवता कशाला?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. बोटीवर नोकरीला लागलो तेव्हा हा प्रश्न मला पडायला हवा होता, तो पडला नाही, आणि ते चांगलंच महागात गेलं. हे मी सेक्रेटरींना सांगितलं आणि त्यांनी मला आज इथे उभं केलं.

मी बंदरातल्या एका लहान टगवर इंजिनिअर होतो. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी बुटकी, दणकट बोट. तिच्यात डेट्रॉइट डिझेलचं जुनं ६-७१ इंजिन होतं. सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घनइंचांचा, म्हणून हे नाव. ही ७१ मालिका अमेरिकेत १९३८ साली निघाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींतही हेच इंजिन असायचं. आवाज असा, की इंजिनरूममधून वर आल्यावर अर्धा तास माणसं ओरडूनच बोलायची.

बऱ्याच डिझेल इंजिनांत एकच मोठा पंप असतो. तो डिझेल मोजून, प्रचंड दाबाने एकेका सिलिंडरकडे ढकलतो. ६-७१ मध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरचा इंजेक्टर आपला दाब आपणच तयार करतो. खालचा छोटा गिअर पंप फक्त डिझेल सगळ्या इंजेक्टरांमधून फिरवत ठेवतो. इंजेक्टर त्यातून आपल्या वाट्याचं घेतो, बाकीचं पुढे जातं. इंजेक्टरचं टोक असतं थेट आगीत. हे पुढे जाणारं डिझेल त्याची उष्णता काढून नेतं, नळीत शिरलेले हवेचे बुडबुडेही नेतं. म्हणजे परत येणाऱ्या डिझेलला 'उरलेलं' म्हणणं बरोबर नाही. इंजेक्टर थंड ठेवायचं काम करूनच ते परत आलेलं असतं.

समजा, इंजिन तासाला ४० लिटर जाळतं आणि पंप १६० लिटर उचलतो. तर १२० लिटर परत गेलेच पाहिजेत. कुठे? जिथून आले त्याच टाकीत. मी चुकलो ते इथेच.

आमच्या टगला डावी आणि उजवी अशा दोन टाक्या. दुपारी दोन्ही काठोकाठ भरल्या. बोट उजवीकडे किंचित कललेली वाटली, म्हणून संध्याकाळी मी पुरवठ्याचा कॉक फिरवून उजवी टाकी चालू केली. परतीच्या नळीला वेगळा कॉक होता. तो तसाच डाव्या टाकीवर राहिला. थोड्या वेळाने कल गेला आणि मी स्वतःवर खूश झालो! प्रत्यक्षात उजवी टाकी चौपट वेगाने रिकामी होत होती आणि आधीच भरलेल्या डाव्या टाकीत तासाला १२० लिटर पडत होते. ते हवेच्या नळीतून वर डेकवर आले. रात्रीची वेळ, डेक ओलं दिसतंय म्हणजे लाट आली असेल, असं मी समजलो. आमचे सारंग खाली वाकले, बोटं भिजवून नाकाशी नेली आणि म्हणाले, "साहेब, पाणी न्हाय हे. डिझेल हाय."

इंजिन बंद केलं, भुसा टाकला, जेवढं पुसता आलं तेवढं पुसलं. तरी काही समुद्रात गेलंच. दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यावा लागला. सारंग मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. नंतर आम्ही दोन्ही कॉकना एकच दांडा जोडून घेतला. एक फिरवला की दुसरा फिरणारच.

परतीची वाट बंद करणं तर याहून वाईट. डिझेलला जायला जागा नाही, दाब वाढतो, सील फुटतात. उलट वाट जास्त मोकळी झाली तरी पंचाईत. ६-७१ मध्ये डिझेल हेडमधून बाहेर पडतं तिथे बारीक भोकाचा एक एल्बो असतो. त्या भोकामुळेच आत दाब टिकतो. दिसायला अगदी साधा. कुणी तो काढून दुकानातला नेहमीचा एल्बो बसवला की इंजिनाची ताकद जाते आणि लोक फिल्टर बदलत बसतात. आणखी एक. या इंजिनात इंजेक्टरच्या बारीक नळ्या वरच्या झाकणाच्या आत असतात. त्यातली एखादी गळली तर डिझेल सरळ खालच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वास घ्या.

परतीच्या नळीत दाब कमी, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण गळलेलं डिझेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घ्यायला दाब लागत नाही. जहाजांसाठीच्या सोलास या आंतरराष्ट्रीय नियमावलीत म्हटलंय, की इंधन उडू शकेल असा २२० अंश सेल्सिअसच्या वर तापणारा भाग आच्छादलेलाच हवा. इंजिनरूममधल्या किती आगी याच कारणाने लागतात, हे दर्यावर्दी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपला जनरेटर. त्याची रचना वेगळी आहे, मोठ्या पंपाची. तिथे इंजेक्टरच्या सुईच्या कडेने झिरपलेलं आणि पंपाला जास्त झालेलं डिझेल परत येतं. वहिनी, ते त्याच टाकीत पडतं आणि पुन्हा वर जातं, तेव्हा त्याचे पैसे दोनदा पडत नाहीत. पण मी काल खाली जाऊन ती नळी पाहिली. रबराला चिरा गेल्यात आणि क्लिपच्या जागी कुणीतरी बाइंडिंगची तार पिळून ठेवलीय. शेजारून, वीतभर अंतरावरून, एक्झॉस्ट जातो. नळी आणि दोन क्लिपा, एवढंच सामान लागेल. सेक्रेटरीसाहेब, पावसाळ्यापर्यंत थांबू नका, याच आठवड्यात करून घ्या. मी उभा राहीन.