घराचा कठडा

(आजी-आजोबा व वृद्धजन ह्यांच्या जागतिक दिनी एकलहरे येथे धर्मग्रामवासीयांपुढे केलेले भाषण)



आम्ही काही उच्च तात्त्विक विषय मांडू अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते पायपुसण्याविषयी, न्हाणीघराच्या ओल्या फरशीविषयी आणि रात्रीच्या दिव्याविषयी. हे ऐकून कोणास हसू आले तर त्याने खुशाल हसावे. मात्र भाषण संपेपर्यंत उठून जाऊ नये.

परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस ह्यांनी 2021 साली, संत योआकीम व संत आन्ना ह्यांच्या सणाच्या जवळचा, म्हणजे जुलै महिन्याचा चौथा रविवार वृद्धजनांसाठी ठरवून दिला. त्या दिवशी आपण म्हाताऱ्या माणसांस पुढच्या बाकावर बसवितो, गुलाबाचे फूल देतो, शाल पांघरतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु फूल संध्याकाळपर्यंत सुकते, शाल पेटीत जाते, आणि आजी पुन्हा त्याच निसरड्या मोरीत पाय टाकते. आमचे आजचे सर्व बोलणे त्या मोरीपाशी आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवाद ह्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात, एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधणाराने धाब्याला कठडा करावा; न केल्यास आणि कोणी वरून पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. आपल्या नगर-नाशिककडील ज्या वडीलधाऱ्यांनी धाब्याची घरे पाहिली आहेत त्यांस हे चित्र समजावून सांगणे नलगे. नियमाचा रोख कोणाकडे आहे ते पाहा. पडणाराने जपून चालावे, असे तो म्हणत नाही. घर बांधणाराने कठडा बांधावा, असे म्हणतो. पडणाराच्या डोळ्यांवर वा वयावर दोष न ठेवता तो घरावर ठेविला आहे.

आता आमचा स्वतःचा दोष आपणांपुढे कबूल करतो.

आपल्यांतील एक आजीबाई होत्या. त्यांचे नाव आम्ही घेत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या घरी पवित्र कम्युनिअन घेऊन जात असू. आतल्या खोलीच्या दाराशी गुळगुळीत फरशीवर एक पायपुसणे पसरलेले असे. त्याची एक कड वर वळलेली होती. आम्ही आत येऊ लागलो म्हणजे आजीबाई खाटेवरून हात वर करून म्हणत, "फादर, जपून हं, तेवढं सरकतं." आम्ही हसून ते ओलांडीत असू. एकदा आमचाही पाय त्यात अडकला होता. पाच वर्षे हा क्रम चालला. त्या पाच वर्षांत ते पायपुसणे उचलून बाहेर टाकावे, असे आम्हांस एकदाही सुचले नाही. एके रात्री लघुशंकेस उठताना त्या त्याच कडेस अडखळून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि चार महिने अंथरुणास खिळून त्या प्रभूच्या घरी गेल्या. तैलाभ्यंगाचा संस्कार देण्यास आम्हीच गेलो. पायपुसणे तेव्हा कोणीतरी उचललेले होते. लोक म्हणाले, "देवाची इच्छा." आम्ही मान हालविली; पण घरी आल्यावर अनुवादाचा तो अध्याय उघडला आणि आमची झोप उडाली. देवाच्या इच्छेच्या नावावर आपला आळस खपविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

हे केवळ गरिबाच्या घरी घडते असे नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे हे 28 एप्रिल 1994 रोजी व्हॅटिकनमधील आपल्या स्नानगृहात पाय घसरून पडले. वय 73 वर्षांचे. मांडीचे हाड मोडले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, आणि डोंगर चढणारे ते परमगुरु पुढे काठी घेऊन चालू लागले. पोप बेनेडिक्ट सोळावे हे जुलै 2009 मध्ये सुट्टीसाठी आल्प्स पर्वतात राहिले असता रात्री खोलीत पडले व त्यांचे मनगट मोडले. पोप फ्रान्सिस हे 16 जानेवारी 2025 रोजी आपल्या निवासात पडले व हातास इजा झाली. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर श्री. शरद पवार हे डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीच्या घरी पडले आणि मुंबईत त्यांची शस्त्रक्रिया झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षास सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात, आणि त्यांत साठीपुढील माणसांचा भरणा सर्वांत मोठा आहे.

म्हातारपणी माणूस का पडतो? कारण एकच असते असे क्वचित. पायांतील बळ ओसरते. मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नाही. मधुमेहाने तळपाय बधिर होतात. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांनी भोवळ येते. निजलेला मनुष्य एकदम उभा राहिला असता रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात एली याजक आसनावरून मागे पडून, मान मोडून मेला अशी कथा आहे. पवित्र लेखकाने तेथे त्याचे वय 98, दृष्टी मंदावलेली व देह जड असल्याचे सांगितले आहे, आणि तो पडला तो भयंकर वार्ता कानी पडताच. वैद्याने लिहावी तशी ही कारणांची यादी आहे.

एलीचे वय कमी करणे कोणाच्या हाती नव्हते. परंतु घर आपल्या हाती आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर आपण पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट न्हाणीघर व शौचकूप. तेथे भिंतीत पक्का बसविलेला दांडा असावा. टॉवेल वाळविण्याच्या दांडीवर भरवसा ठेवू नये. ती माणसाचा भार सोसण्यासाठी केलेली नसते. ज्यांस उकिडवे बसून उठणे जड जाते त्यांच्यासाठी उंच बैठकीची व्यवस्था करावी. अंघोळीस न डगमगणारे स्टूल द्यावे. साबणाचे पाणी लागलीच ओतून काढावे. वृद्धांनी आतून कडी लावू नये. पडल्यास दार फोडीत बसण्याची वेळ येते.

दुसरी गोष्ट रात्रीची वाट. खाटेपासून शौचकूपापर्यंत झिरोचा दिवा जळत राहावा आणि उशाशी बॅटरी असावी. वीज बनविणाऱ्या ह्या गावी विजेच्या दहा-पाच पैशांसाठी आजोबांनी अंधारात चाचपडावे, ही गोष्ट आम्हांस तरी शोभत नाही. उठताना मिनिटभर खाटेच्या कडेवर बसावे, पाय हालवावेत, मग उभे राहावे. पोप बेनेडिक्ट परक्या घरात रात्री पडले, हे ध्यानात ठेवून मुलाकडे पुण्या-मुंबईस गेलेल्या आईबापांस पहिल्याच संध्याकाळी दिव्याचे बटण व उंबरठा दाखवून ठेवावा.

तिसरी गोष्ट जमीन. सरकती पायपुसणी, वाटेतील तारा, गुळगुळीत झालेल्या सपाता, पायांत येणारा लुगड्याचा वा लुंगीचा सोगा, आणि पावसाळ्यात अंगणात धरलेले शेवाळ, ही सर्व आजच दूर करावीत. जळमटे काढण्यास किंवा नाताळचा तारा टांगण्यास साठीपुढील कोणीही स्टुलावर चढू नये. काठी वापरणाराने तिचे रबरी टोपण झिजले की बदलावे, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरावी.

चौथी गोष्ट शरीर. आपल्या सर्व गोळ्या एकदा डॉक्टरांपुढे मांडून भोवळ आणणारी कोणती ते विचारावे. आपल्या मनाने मात्र एकही बंद करू नये. वर्षातून एकदा डोळे तपासावेत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे, ओट्यास धरून एका पायावर थोडा वेळ उभे राहावे. ज्यांस हे झेपत नसेल त्यांनी डॉक्टरांस विचारून बेताने करावे. पडण्याच्या भीतीने जो बसूनच राहतो त्याचे पाय अधिक दुबळे होतात आणि तो लवकर पडतो.

इतके करूनही कोणी पडलेच तर त्यास ओढून उभे करू नये. पाय आखूड दिसत असेल, बाहेर वळला असेल, तर खुबा मोडला असे समजावे; चोळू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये; 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खुब्याची शस्त्रक्रिया जितकी लवकर तितके हित. डोक्यास मार लागला असेल तर रक्त दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. आपल्याच धर्माचे माजी केंद्रीय मंत्री ऑस्कर फर्नांडिस हे जुलै 2021 मध्ये मंगळूर येथे घरी योगासने करताना पडले. डोक्यात रक्त साकळले, शस्त्रक्रिया झाली, तथापि 13 सप्टेंबर 2021 रोजी त्यांचे निधन झाले. वांती, वाढती डोकेदुखी, गुंगी ही लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर लागलीच इस्पितळ गाठावे.

आता शेवटचे बोलणे. गोदावरीकाठच्या ह्या गावी 1970 साली औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. तेव्हा जे तरुण कामावर लागले ते आज आजोबा होऊन येथे बसले आहेत. आपणांस आठवत असेल, लोखंडी जिन्यावर कठडा धरल्यावाचून चढावयाचे नाही, डोक्यावर टोप घातल्यावाचून आत जावयाचे नाही, असा शिस्तीचा दंडक होता. तेथे कठडा धरणे हे कोणास भित्रेपणाचे वाटले नाही. मग घरी मुलाने दांडा बसवितो म्हटले की, "मी काय म्हातारा झालो?" असे आपण का म्हणता? आणि मुलांनो, ज्या हातांनी आपणांस पहिले पाऊल टाकावयास शिकविले त्या हातांस धरावयास भिंतीत एक दांडा नसावा, आणि चौथी आज्ञा तर आपण दर आठवड्यास पाठ म्हणावी, हे कसे जुळते? आई पडली आणि तिने ते लपविले, तर तिजवर रागावू नका. रागाच्या भयानेच ती पुढल्या वेळीही लपवील.

ह्यापुढे पहिल्या शुक्रवारी कम्युनिअन घेऊन आम्ही आपल्या घरी येऊ तेव्हा जमिनीकडेही पाहू. पायपुसणे सरकते दिसले तर प्रार्थनेपूर्वी ते आमच्या हातांनी उचलू. त्यास कोणी उद्धटपणा म्हणू नये. ते आमचे प्रायश्चित्त आहे. ज्या घरी दांडा बसविण्यास माणूस नसेल त्यांनी आम्हांस कळवावे. धर्मग्रामातील तरुणांत भिंतीस भोक पाडू शकणारे हात पुष्कळ आहेत.

ज्युबिलीच्या निमित्ताने मंदिरास रंग लागला, ते फार चांगले झाले. आता प्रत्येक घरास कठडा लागो. संत योआकीम व संत आन्ना आपल्या वृद्धांची पावले सांभाळोत, आणि त्यांस सांभाळण्याचे आपल्या वाट्याचे काम आपणांकडून होवो, हीच प्रभू येशूच्या चरणी आमची प्रार्थना. आमेन.