कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्या
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. म्हणून आज उन्हाळी सुट्टीतल्या वाचनाबद्दलच दोन शब्द बोलणार आहे.

शाळा एकदा सुटली की जूनच्या मध्यापर्यंत बंद. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांचे वाचन चालू राहते. आपल्या वस्तीतल्या पोरांचे तिथेच थांबते. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात सहावी-सातवीच्या मुलांचा बार्बरा हेन्स या विदुषींनी अभ्यास केला. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. गरीब आणि सुखवस्तू मुलांमधले अंतर शाळा चालू असताना कमी, पण सुट्टीत जास्त वाढते, असे त्यांना आढळले. आणि सुट्टीत जी मुले पुस्तके वाचतात ती पुढे सरकतात, हेही आढळले. म्हणजे सुट्टी ही सर्वांना सारखी नसते, बंधूंनो!

हे ओळखून मी एका वर्षी पुस्तकांची यादी दिली. पण त्यात माझी मास्तरकी आडवी आली. प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहून आणा, असा दंडक घातला. जूनमध्ये वह्या आल्या. बहुतेकांनी मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढला होता. सातवीतल्या एका मुलीची वही मात्र कोरी. मी तिला वर्गाबाहेर उभे केले.

शाळा सुटल्यावर ती म्हणाली, "सर, पुस्तक सगळं वाचलं. रोज रात्री आजीला वाचून दाखवलं."

पुस्तक होते अण्णाभाऊ साठे यांचे 'फकिरा', १९५९ सालचे. त्यातला दुष्काळ ऐकून आजी बोलती झाली. १९७२ च्या दुष्काळात आपण रस्त्याच्या कामावर खडी कशी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन पोरं कशी जगवली, हे तिने नातीला पहिल्यांदाच सांगितले. मुलगी म्हणाली, "सर, हे सारांशात कसं लिहायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिची माफी मागितली. त्या दिवसापासून वही बंद केली. पुस्तक मुलाने स्वतः निवडायचे. आवडले नाही तर अर्ध्यात सोडून दुसरे घ्यायचे. आणि वाचलेले कुणाला तरी सांगायचे; आजीला, भावाला, मित्राला. एवढेच तीन नियम.

बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत एक आठवण आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा त्यांच्या गौरवाची सभा झाली. त्या सभेत दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर हे शिक्षकच. त्यांनी सारांश मागितला नाही, परीक्षा घेतली नाही. एका शाळकरी पोराच्या हातात पुस्तक ठेवले. त्याचे पुढे काय झाले, ते या विहारात बसून मी तुम्हाला सांगायला नको.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नका. आपल्या विहारात पुस्तकांचे कपाट आहे. जयंतीला आपण त्याची धूळ पुसतो आणि पुन्हा कुलूप लावतो. का? तर पोरं पुस्तके फाडतील! अहो, फाटू द्या. न वाचता पिवळे पडण्यापेक्षा वाचून फाटलेले पुस्तक बरे. मुले मोबाईलला चिकटलीत म्हणून आपण ओरडतो. पण मोबाईल उघडा असतो आणि कपाट बंद असते, हे कुणी ध्यानात घेत नाही.

विहार समितीला माझी हात जोडून विनंती आहे. येत्या सुट्टीत ही किल्ली आठवीतल्या दोन मुला-मुलींकडे द्या. पुस्तक घरी नेऊ द्या. दर रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे मुलांना वाचलेले सांगू द्या, आणि आपण मोठ्यांनी खाली बसून ऐकू या. हिशेबाची वही मी सांभाळतो. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे माझ्या पेन्शनमधून घ्या.