दुखणे वयाचे की उणिवेचे?



मालवणच्या किनाऱ्यावर पायांच्या आगीने रात्री उठून बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसास सकाळी विचारावे, तर 'वय झाला, आता चलायचाच' एवढेच उत्तर मिळते. आम्हांस सांगावयाचे ते हेच, की प्रत्येक दुखणे वयाच्या खाती मांडू नये.

बी-बारा हे जीवनसत्त्व कमी पडले, की रक्तातील तांबड्या पेशी नीट घडत नाहीत आणि मज्जातंतूंवरील आवरणही झिजते. अंगाचा फिकटपणा व पायांच्या मुंग्या ही मग एकाच उणिवेची दोन रूपे ठरतात. अशा पांडुरोगावर यकृताचा आहार लागू पडतो, हे १९२६ साली मायनट व मर्फी यांनी दाखविले. १९४८ साली बी-बारा शुद्ध रूपात हाती आले.

बांगड्यात, तिसऱ्यांत ते भरपूर असते. मग किनाऱ्यावर उणीव का? कोणी उतारवयात माळ घालून मासळी सोडतो. पण खाणाऱ्याच्याही जठराची ते सोडवून घेण्याची शक्ती वयाबरोबर घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिननेही त्याचे शोषण कमी होते. खुद्द मधुमेहही पायांची अशीच आग करतो, म्हणून आधी तपासणी करावी. नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेले दिसते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

उणीव लवकर भरली तर आग बहुधा निवते. उशीर झाला तर थोडी सोबतीस राहते. तिच्यासह नांदताना तळपाय रोज पाहावेत, रात्री दिवा जवळ ठेवावा. देवळात गाऱ्हाणे घालणाऱ्या आपल्या मुलखास घरच्या वडीलधाऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकणे जड जाऊ नये.